नावावरचा बोजा

जुलै २०१५च्या अखेरीस यूट्यूबवर ‘कोडाईकनाल वोन्ट’ नावाचा जेमतेम तीन मिनिटांचा रॅप व्हिडिओ आला. गाणारी चेन्नईची सोफिया अश्रफ, चाल निकी मिनाजच्या ‘अॅनाकोंडा’ या वर्षभरापूर्वी गाजलेल्या गाण्याची आणि रोख युनिलिव्हर या कंपनीवर. तमिळनाडूतल्या कोडाईकनाल या थंड हवेच्या गावी या कंपनीचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. तो २००१मध्ये बंद झाला. मागे उरले आजारपणाच्या तक्रारी करणारे कामगार आणि पारा मुरलेली माती. व्हिडिओ आल्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, मार्च २०१६मध्ये, युनिलिव्हरच्या भारतातल्या कंपनीने, म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरने, ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. लोकप्रिय संगीत भांडवलाला आणि त्याने केलेल्या निसर्गाच्या नासाडीला जाब विचारू शकतं का, हा वाद निघाला की या उदाहरणाचा दाखला हटकून दिला जातो. त्यावर आणि एकूणच अशा गाण्यांवर जे आक्षेप घेतले जातात, ते इथे एका आक्षेपकाच्या तोंडी घातले आहेत. आक्षेपक कल्पनेतला आहे, त्याचे मुद्दे मात्र खरे आहेत आणि त्यातले काही मला खोडता आलेले नाहीत.

आक्षेपक : सात महिन्यांत समझोता झाला म्हणून तो गाण्यामुळे झाला, हा तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्यासारखा प्रकार झाला. कामगारांची संघटना २००६पासून मद्रास उच्च न्यायालयात होती. वकील होते, कार्यकर्ते होते, सरकारी समित्यांचे अहवाल होते. दहा वर्षं या सगळ्यांनी खस्ता खाल्ल्या आणि श्रेय मिळालं एका व्हिडिओला. शिवाय हे गाणं वाजलं कुठे? गूगलच्या यूट्यूबवर, जिथे दर दोन मिनिटांनी साबणाची जाहिरात येते. चाल कुणाची? जगातल्या सर्वांत मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एकीच्या मालकीची. थिओडोर अडोर्नो हे जर्मन विचारवंत व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या पॉप गाण्यांबद्दल म्हणत, की भयंकर गोष्टीला गोड चाल लावली की ती पचनी पडते आणि पचनी पडणं हाच खरा घात. तुमचं गाणं त्याच जातकुळीतलं आहे. ऐकणाऱ्याने मान डोलावली, एका याचिकेवर नाव टाकलं आणि संध्याकाळी त्याच कंपनीच्या साबणाने हात धुतले.

लेखक : श्रेयाच्या वाटणीत तुमचं म्हणणं बरंचसं मान्य आहे. पण आधी कारखान्याची हकीकत नीट पाहू, कारण गाण्याने काय केलं आणि काय केलं नाही, हे त्यातच दडलेलं आहे. हा कारखाना मुळात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाऊनला होता. तिथून तो उचलून १९८३च्या सुमारास कोडाईकनालला आणला गेला. तेव्हा तो होता पॉन्ड्सचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांचं कोल्ड क्रीम घरोघरी असे त्याच कंपनीचा. मूळ अमेरिकी कंपनी १९८७च्या सुमारास युनिलिव्हरने घेतली आणि पुढे इथला कारखाना हिंदुस्तान लिव्हरकडे, म्हणजे आताच्या हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आला. तयार थर्मामीटर भारतातल्या दवाखान्यांसाठी नव्हते, ते परदेशी जात. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळतो. श्वासातून शरीरात गेला की मूत्रपिंडावर आणि मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. मार्च २००१मध्ये गावातल्या मुंजिकल भागातल्या एका भंगारवाल्याकडे पाऱ्याचे अंश असलेल्या फुटक्या काचेच्या गोणी सापडल्या. स्थानिक रहिवासी, पळणी हिल्स संवर्धन परिषद आणि ग्रीनपीस यांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणलं आणि कारखान्याला टाळं लागलं. २००३मध्ये पाऱ्याचा जवळपास २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवण्यात आला. भंगार सन्मानाने समुद्रापार जाऊ शकलं, कामगारांचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. आपल्या कारखान्यामुळे कामगारांच्या आरोग्याला अपाय झाल्याचं कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही, ही कंपनीची भूमिका शेवटपर्यंत कायम होती. समझोताही तिने दोष कबूल करून केला नाही, माणुसकीच्या दृष्टीने केला असं म्हटलं, आणि रक्कम जाहीर झाली नाही.

आता बघा, २००१ ते २०१५ या चौदा वर्षांत काय कमी होतं? पुरावे होते, अहवाल होते, संघटना होती, न्यायालय होतं. गाण्याने यात एका कागदाचीही भर घातली नाही. बदललं ते एवढंच, की कोडाईकनाल हे नाव युनिलिव्हर या नावाला सर्वांदेखत येऊन चिकटलं. ते कुठे चिकटलं, हे पाहा. युनिलिव्हरने २०१०मध्ये शाश्वत जीवनाचा मोठा आराखडा जाहीर केला होता. त्यांचे तेव्हाचे प्रमुख पॉल पोलमन हे जबाबदार भांडवलशाहीचे जगभर नावाजलेले प्रवक्ते होते. गाणं लाखो लोकांपर्यंत गेलं, खुद्द निकी मिनाजने ते आपल्या ट्विटरवर पुढे पाठवलं, आणि मग पोलमन यांना तिथेच उत्तर द्यावं लागलं. आम्ही मार्ग काढतो आहोत, पण भावनांऐवजी तथ्यांवर बोला, असा त्या उत्तराचा सूर होता. चौदा वर्षं जे प्रकरण कोडाईकनालच्या एका कोपऱ्यात आणि मद्रासच्या न्यायालयात होतं, ते एका आठवड्यात लंडन-रॉटरडॅममधल्या माणसाच्या दारात पोचलं.

आपल्याकडे शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. सोसायटीचं कर्ज थकलं की तिथे बोजा चढतो. बोजा चढल्याने जमीन जप्त होत नाही, कर्जही फिटत नाही. पण उद्या ती जमीन विकायला काढली, तारण ठेवायला गेलात, की समोरचा आधी तो रकाना पाहतो. ‘कोडाईकनाल वोन्ट’ने हेच केलं. ज्या कंपनीची खरी मत्ता तिच्या नावात आहे, त्या नावावर थकबाकीची नोंद चढवली. माझं म्हणणं एवढंच आहे, की लोकप्रिय गाण्याची ताकद या एका जागी आहे. विचार बदलणं, हृदयपरिवर्तन, जनजागृती वगैरे मोठे शब्द त्याच्याबद्दल वापरले जातात, त्यातलं फारसं काही मला सिद्ध झालेलं दिसत नाही.

आक्षेपक : मग तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. कंपनीला नाव जपायचं होतं म्हणून तिने पैसे दिले, असं असेल तर ही भांडवलशाहीची समीक्षा कसली? ही तर ग्राहक मंचातली तक्रार झाली. बाजार आपल्याच नियमाने वागला, नावाला धोका दिसला, धोक्याची किंमत काढली, ती चुकती केली. उलट कंपनीला धडा मिळाला तो एवढाच, की पुढच्या वेळी प्रसिद्धी खातं अधिक सावध ठेवायचं.

लेखक : धडा तोही मिळाला असेल. पण समीक्षा म्हणजे काय, याबद्दल आपल्या कल्पना वेगळ्या आहेत. कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५०मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की धूर, सांडपाणी, कामगाराचं मोडलेलं शरीर या उद्योगाच्या चुकून झालेल्या गफलती नव्हेत. खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं हा नफा कमावण्याच्या रीतीचाच भाग आहे. जो खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला जात नाही, तो कामगाराच्या घरात, नदीत, मातीत लिहिला जातो. वॉटरटाऊनचा कारखाना कोडाईकनालला येणं हे त्याचं ठसठशीत उदाहरण म्हणून दाखवता येईल: माल श्रीमंत देशासाठी आणि मागे राहणारा पारा गरीब देशासाठी. हा खर्च तुमचा आहे, तुमच्या वहीत परत घ्या, असं नाव घेऊन सांगणं ही भांडवलशाहीची समीक्षा नसेल तर मग समीक्षा कशाला म्हणायचं? व्यवस्था उलथली नाही, हे उघड आहे. तीन मिनिटांच्या गाण्याकडून ती अपेक्षा ठेवणारे बहुधा तेच असतात ज्यांना गाण्याला आधीच नापास करायचं असतं.

उलट, जी गाणी व्यवस्थेच्या मोठ्या दुःखाबद्दल बोलतात, त्यांचं काय झालं ते पाहा. मार्विन गेचं ‘मर्सी मर्सी मी’ हे १९७१चं गाणं. माझ्या मते पर्यावरणावरच्या पॉप गाण्यांत त्याच्याइतकं सुरेल दुसरं नाही. त्यात तेल सांडलेले समुद्र आहेत, किरणोत्सर्ग आहे आणि योगायोग असा, की माशांमधला पाराही आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पण तो पारा माशांत कुणी सोडला, कोणत्या नदीत, कोणत्या वर्षी, हे त्यात नाही. त्यामुळे पारा सोडणारा माणूसही ते गाणं गाडीत लावून निवांत ऐकू शकतो. अडोर्नो यांचा आक्षेप या गाण्याला लागू पडतो, मला तो इथे मान्य आहे. तुम्ही तो सगळ्या गाण्यांना सरसकट लावता, तिथे आपली गाडी अडते. जे गाणं ‘आपण सगळे’ दोषी आहोत म्हणतं, ते कुणालाच दोषी ठरवत नाही.

आक्षेपक : नाव घेणाऱ्यांचंही काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘मिडनाइट ऑइल’ या बँडने नावं घेतली. १९९०मध्ये न्यूयॉर्कला एक्सॉनच्या इमारतीसमोर ट्रकवर उभं राहून त्यांनी भर दुपारी गाणी म्हटली, कारण आदल्या वर्षी एक्सॉनच्या जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं होतं. त्याच बँडचा गायक पीटर गॅरेट पुढे त्यांच्या देशाचा पर्यावरणमंत्री झाला आणि २००९मध्ये त्याने ‘फोर माइल’ या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. ज्याने जन्मभर युरेनियमविरुद्ध गळा काढला, त्यानेच! आणि एक्सॉन? तिच्यावर ज्युरीने १९९४मध्ये पाच अब्ज डॉलरचा दंड लावला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये ५० कोटींच्या आसपास आणून ठेवला. ट्रकवरच्या मैफलीचा हिशेब कुठे लागला?

लेखक : गॅरेट यांचं समर्थन मी करणार नाही. मंत्री झालेला गायक मंत्रिमंडळाने बांधला जातो आणि त्या खुर्चीत बसल्यावर गाण्याची शिल्लक वापरता येत नाही, हे त्यांच्या उदाहरणाने स्वच्छ झालं. पण एक्सॉनचा दाखला माझ्याच बाजूने जातो असं मला वाटतं. तेल कंपनीचं गिऱ्हाईक टाकी भरताना पंपावरची पाटी क्वचितच पाहतं. कच्चं तेल विकणाऱ्याची मत्ता विहिरीत असते, नावात फार थोडी. तिथे बोजा चढवायला रकानाच अपुरा. साबण, शाम्पू, चहा विकणाऱ्याचं तसं नाही. पन्नास कंपन्यांचा साबण सारखाच फेसाळतो, त्यातली एक वडी आपण उचलतो ती नावावर. त्याच बँडचं ‘ब्लू स्काय माइन’ हे १९९०चं गाणं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटनूमच्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणीबद्दल आहे. ती खाण १९६६मध्ये बंद झाली आणि फुफ्फुसांचे आजार नंतर कैक वर्षं निघत राहिले. खाणीमागची कंपनी मुळात साखर शुद्ध करणारी. कामगारांनी न्यायालयात पहिले महत्त्वाचे निकाल मिळवले ते १९८८मध्ये, म्हणजे गाण्याच्या आधी. गाणं तिथे मागाहून आलं आणि जिंकलेल्या खटल्याला त्याने देशभर तोंडपाठ केलं. हेही कमी नाही, पण खटला त्याने जिंकला असं म्हणणं खोटं होईल. कोडाईकनालमध्येही खटला आणि संघटना आधी होत्या. ज्या ठिकाणी घेणेकऱ्यांची यादी तयार नाही, मागणी लिहिलेली नाही, वाटाघाटीला बसणारं कुणी नाही, तिथे गाण्याने नुसतं नाव खराब करून हाती काय लागणार? २०१५मध्ये कंपनी वाटाघाटीला वळली तेव्हा टेबलाच्या या बाजूला बसायला माजी कामगारांची संघटना होती. खस्ता खाल्लेल्या माणसांना श्रेय द्यावं, हे तुमचं म्हणणं म्हणूनच मी आधीच मान्य केलं.

आक्षेपक : ठीक. पण मग संगीताच्या धंद्याच्या स्वतःच्या वहीचं काय? तुमचा तो काप तिथेही लावा की. काइल डिवाइन या अभ्यासकाने २०१९च्या ‘डीकंपोज्ड’ या पुस्तकात हिशेब मांडला आहे. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीतामुळे हवेत जाणारे हरितगृह वायू १९७७मध्ये सुमारे १४ कोटी किलो होते, सीडीच्या ऐन भरात २०००मध्ये १५.७ कोटी, आणि प्लास्टिक जवळजवळ संपून सगळं ऑनलाइन झाल्यावर, २०१६मध्ये, २० ते ३५ कोटी किलो. प्लास्टिक गेलं, धूर वाढला. आणि ‘कोल्डप्ले’सारखे बँड हिरव्या रंगाचा झेंडा मिरवत जगभर विमानं उडवतात. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५मध्ये त्यांनी तीन रात्री गर्दी जमवली. पर्यावरणाचा पुळका विकला जाणारा हाच तो माल.

लेखक : डिवाइन यांच्या आकड्यांवर माझा वाद नाही. त्यांत आपल्या भागाची एक भर घालतो. पॉलिव्हिनाइलच्या आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत आणि जगाला लाख पुरवणारा मोठा पुरवठादार होता हिंदुस्थान, त्यातही छोटा नागपूरच्या बाजूचं जंगल. बालगंधर्वांचं पद आणि पॅरिसमधला कॅबरे दोन्ही त्याच किड्याच्या रसावर कोरलेले. तेव्हा संगीताचे हात कधीच धुतलेले नव्हते, आणि गाणाऱ्याने आधी स्वतः शुद्ध होऊन मग बोलावं अशी अट घातली तर जगात कुणीच तोंड उघडू शकणार नाही, कारखान्यातला कामगारसुद्धा नाही, कारण पगार त्याने घेतलेलाच असतो.

कोल्डप्लेचं उदाहरण मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत, उरलेलं अर्धं फार बोलकं आहे. २००२च्या आपल्या एका अल्बमचा कार्बन भरून काढण्यासाठी या बँडने कर्नाटकात आंब्याची दहा हजार झाडं लावण्याचा खर्च उचलल्याचं जाहीर केलं होतं. चार वर्षांनी बातम्या आल्या की त्यातली बरीचशी रोपं पाण्यावाचून जळाली आणि काही शेतकऱ्यांपर्यंत झाडं जगवायचे पैसेच पोचले नव्हते. अलीकडच्या दौऱ्यात त्यांनी विमानांसाठी जैवइंधन घेतलं ते फिनलंडच्या एका तेल कंपनीकडून, त्यावरही टीका झाली. मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. त्यांनी दौरा बराच बदलला, निम्म्याहून जास्त उत्सर्जन कमी केल्याचं ते सांगतात. पण दक्षिण भारतातल्याच दोन मुलखांत पॉप संगीत दोन वाटांनी गेलं. एका वाटेने आलं ते पुण्य विकत घ्यायला, आणि रोप मेलं तेव्हा जाब विचारायला तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या वाटेने आलं ते दुसऱ्याचं देणं मागायला, आणि घेणेकऱ्यांची ५९१ नावांची यादी त्याच्या पाठीशी होती. संगीताचा कार्बन मोजून या दोन वाटांमधला फरक कळत नाही.

आक्षेपक : आता घराजवळ या. आरे, म्हणजे मुंबईतलं ते जंगल जिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायचं ठरलं. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने २०१९मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. नाव घेतलं, जागा सांगितली, आदिवासींना सोबत घेतलं. तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कुऱ्हाडी चालल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. शिवाय ती झाडं कुठल्या साबणवाल्यासाठी पडली नाहीत, मेट्रोसाठी पडली. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसासाठी आणि रस्त्यावरच्या मोटारी कमी व्हाव्यात म्हणून. आज मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आहे. गाण्याला हा हिशेब मांडता येतो का? एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला लाखो प्रवासी, असं गाणं मी तरी ऐकलेलं नाही.

लेखक : इथे तुम्ही माझ्या मांडणीची सीमा बरोबर दाखवलीत. कारशेड बांधणारं महामंडळ काहीही विकत नाही, त्याच्या नावावर कुणी शाम्पू घेत नाही. सरकारचं नाव मतांवर चालतं, आणि मेट्रो हवी असलेले मतदार आरेच्या पाड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तिथे बोजा चढलाच नाही. असाच अनुभव चेन्नईचा. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७मध्ये एन्नोर खाडीत उभं राहून ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ गायलं. रागमालिकेत बांधलेलं, अत्यंत देखणं. पण खाडीत राख जाते ती सरकारी वीज केंद्रांची, आणि वीज मंडळाला बदनामीची भीती बाळगण्याचं कारण नसतं, त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही. आरेत पुढे काही घडलं ते निवडणुकीनंतर सरकार बदलल्यामुळे: स्थगिती आली, कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, २०२०मध्ये आरेतली ८१२ एकर जागा राखीव वन म्हणून घोषित झाली, आणि २०२२मध्ये सरकार पुन्हा बदलल्यावर कारशेड परत आरेत आलं. यातला कोणताही निर्णय गाण्याच्या खात्यावर मांडण्याची माझी तयारी नाही.

प्रवाशांच्या हिशेबाबद्दल मात्र थोडं थांबा. आरेतला वाद मेट्रो हवी की नको असा नव्हता, कारशेड कुठे असा होता. पर्यायी जागा निदान चर्चेत तरी होत्या. झाडं विरुद्ध प्रवासी ही मांडणी प्रकल्पाच्या बाजूने सोयीची होती आणि ती गाण्याने केली नाही, हे गाण्याचं चुकलं नाही. आणि एक गोष्ट मी गाण्याचा चाहता म्हणून बोलतो. संगीत म्हणून ‘द वारली रिव्होल्ट’ हे ‘कोडाईकनाल वोन्ट’पेक्षा फार वरच्या दर्जाचं आहे. आरेतल्या केल्टीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात स्वतःच्या आवाजात, आपल्या बोलीच्या लयीत गातात. मग रॅप त्या लयीवर चढतो, तिला गिळत नाही. ते पाहुण्याने यजमानाच्या घरी जपून वावरावं तसं झालं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘गली बॉय’ आला आणि मुंबईचं रॅप एकदम बाजारात गेलं. जेएनयूमधल्या २०१६च्या घोषणांवर बेतलेलं गाणं त्या चित्रपटात आलं तेव्हा त्याची धार बोथट झाली, अशी टीका तेव्हाच झाली होती. त्या वातावरणात स्वदेशीने एका पाड्यासाठी गाणं केलं हे मला मोठं वाटतं. पण मोठं गाणं आणि देणं वसूल करणारं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. हे मला आवडत नाही, तरी पुराव्यावरून तसंच दिसतं.

आक्षेपक : तुम्हीच म्हणालात म्हणून विचारतो. आरेच्या गाण्यात पाड्याचा माणूस गातो. कोडाईकनालच्या गाण्यात कामगार कुठे आहे? तमिळ कामगारांचं दुखणं, गाणारी शहरातली, भाषा इंग्रजी, ठेका अमेरिकेचा. ज्याचं जळतं त्याला बोलूच दिलं नाही. ही तर आपल्याच लोकांची वकिली बाहेरच्याने करावी तशातली गत.

लेखक : वकिलीच होती ती. मागणी ज्याच्यापुढे मांडायची, त्याला कळणाऱ्या भाषेत ती मांडली गेली. पत्ता लंडनचा आणि रॉटरडॅमचा होता, वाटेत मुंबईच्या अंधेरीतलं मुख्यालय. तमिळमध्ये तेच गाणं कोडाईकनालला टाळ्या मिळवून गेलं असतं, आणि तिथल्या लोकांना ते सगळं आधीच ठाऊक होतं. तरी तुमचा आक्षेप पुढच्या गाण्याने मनावर घेतलेला दिसतो. २०१८मध्ये ‘कोडाईकनाल स्टिल वोन्ट’ आलं. त्यात सोफिया अश्रफबरोबर टी. एम. कृष्णा आणि अमृत राव होते, तमिळ आली, कर्नाटक संगीत आलं. गाणं म्हणून ते पहिल्यापेक्षा खूपच भरीव आहे. विषय या वेळी मातीचा होता.

आणि इथे तुमच्या हाती खरा हुकमाचा पत्ता आहे, तो तुम्ही टाकला नाहीत म्हणून मीच टाकतो. दुसऱ्या गाण्याला यश आलं नाही. कारखान्याची जागा पांबार शोला या जंगलाच्या उतारावर आहे आणि तिथल्या मातीत किलोमागे किती पारा राहिलेला चालेल, हा प्रश्न होता. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे २० मिलिग्रॅम हा निकष धरला गेला आणि तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो मान्य केला. कार्यकर्त्यांचं म्हणणं असं, की कंपनीच्या स्वतःच्या देशात अशा जागी यापेक्षा कितीतरी कडक निकष लागला असता, मग कोडाईकनालला वेगळा न्याय का. कंपनी म्हणते, निकष शास्त्रीय अभ्यासावर ठरला आहे आणि त्याहून जास्त माती उपसली तर उतारावरची झाडं आणि जमीनच धोक्यात येईल. वाद तांत्रिक आहे. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आहेत. कामगाराचा चेहरा दाखवता येतो, त्याला भरपाई द्या हे एका ओळीत सांगता येतं, आणि न देणारा लगेच उघडा पडतो. २० मिलिग्रॅमऐवजी दुसरा आकडा, हे ठेक्यात बसत नाही, आणि बसलं तरी साबण घेणाऱ्याला त्यात लाज वाटण्याजोगं काही दिसत नाही. शिवाय कामगारांचा समझोता झाल्यावर बोजा बराचसा उतरलाच होता. कंपनीच्या नावापुढची नोंद तिच्या दृष्टीने फिटलेली होती, आणि जगाच्याही.

आक्षेपक : म्हणजे माणसांना थोडंफार मिळालं आणि निसर्ग तसाच राहिला. पर्यावरणाच्या गाण्याची ही बरी फलश्रुती!

लेखक : फलश्रुती तशीच आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तरी ती ५९१ माणसं त्याच निसर्गाचा भाग होती, हेही विसरू नका. पारा आधी त्यांच्या श्वासात गेला, मग उतारावरून खाली. आपल्याकडे नदी वाचवा, झाडं लावा, धरती माता रडते आहे, अशा मराठी रॅप आणि अल्बमांचा गेल्या काही वर्षांत सुकाळ झाला आहे. त्यातली बरीच गाणी कंपन्यांच्याच सामाजिक जबाबदारीच्या पैशातून निघतात. त्यात नदीचं नाव असतं, नाल्याचं नसतं. लोटे, तारापूर, चंद्रपूर इथली पाण्याची आणि धुराची दुखणी महाराष्ट्रात कुणाला माहीत नाहीत असं नाही. तिथे मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, गावांचे ठराव आहेत, हरित लवादापुढची प्रकरणं आहेत. गाणाऱ्या पोरांना माझी विनंती आहे, की पुढचं गाणं लिहिण्याआधी त्या सोसायटीच्या सचिवाला भेटा, प्रकरणाचा क्रमांक मागा, मागणी काय आहे ते विचारा आणि ती आकड्यासकट दुसऱ्या कडव्यात घाला. त्या कारखान्यातून निघणारा माल बाजारात कुठल्या नावाने विकला जातो, तेही विचारून घ्या.

आक्षेपक : आणि तो माल नावाने विकलाच जात नसेल तर?

लेखक : तर गाणं जरूर करा, चांगलं करा, पण वसुलीसाठी वकील बघा.